गृहनिर्मित ॲल्युमिनियम विमानासाठी धातुकामाचे पूर्वशिक्षण

गृहनिर्मित विमान म्हणजे कारखान्यात तयार न होता हौशी व्यक्तीने स्वतः, बहुधा घराच्या गॅरेजमध्ये, बांधलेले विमान. अमेरिकेत अशा विमानांना ‘प्रायोगिक’ वर्गात प्रमाणपत्र मिळते; त्यासाठी बांधकामाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी शिक्षण वा मनोरंजन या हेतूने केलेला असावा लागतो. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीची ‘आरव्ही’ मालिकेतील विमाने या प्रकारात विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांचे सुटे भाग संचरूपाने मिळतात. भारतात मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले व २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली.

संच घेणाऱ्या अनेकांनी पूर्वी कधी पत्रा हाताळलेला नसतो. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यांवर सराव केला जातो. १९५३ मध्ये स्थापन झालेली एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था पत्रेकामाच्या कार्यशाळाही घेते. प्रत्यक्ष बांधणी बहुधा शेपटीपासून सुरू होते. भाग लहान असल्यामुळे तो बिघडला तरी नुकसान आटोक्यात राहते.

== पत्र्याचा स्वभाव ==

विमानाच्या कवचासाठी सामान्यतः २०२४-टी३ हे तांबेमिश्रित ॲल्युमिनियम वापरतात. ते बळकट असले तरी सहज गंजते. म्हणून त्याच्या दोन्ही पृष्ठांवर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. खोल ओरखडा हा थर भेदतो, शिवाय तेथूनच पुढे भेग वाढू शकते. त्यामुळे आखणीसाठी टोकदार सळई वापरत नाहीत. शिसपेन्सिलही वर्ज्य, कारण तिच्यातील ग्राफाइटमुळे गंज चढतो. शालेय सवयीच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण येथे मार्कर पेनच योग्य. वाकवताना कोपरा काटकोनात तीक्ष्ण न करता गोलाई ठेवावी लागते आणि कापलेली प्रत्येक कड कानशीने गुळगुळीत करावी लागते.

== भोक आणि रिव्हेट ==

‘रिव्हेट ठोकणे’ हा रूढ शब्दप्रयोग थोडा फसवा आहे. एका बाजूने हवेच्या दाबावर चालणारी रिव्हेट गन आघात करते, तर दुसऱ्या बाजूने पोलादी ठोकळा धरलेला असतो. त्या ठोकळ्यावर दबून रिव्हेटचे शेपूट पसरते. मोठ्या पत्र्यांना दोन माणसे लागतात. पसरलेल्या टोकाचा व्यास मूळ व्यासाच्या सुमारे दीडपट व उंची निम्मी असावी. म्हणजे १/८ इंची रिव्हेटचे टोक ३/१६ इंच रुंद आणि १/१६ इंच उंच. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून निदान दोन व्यास आत असावा, हाही सर्वसाधारण नियम आहे.

बाहेरचा पृष्ठभाग सपाट हवा असेल तेथे रिव्हेटचे डोके पत्र्यात बसवतात. जाड पत्र्यात त्यासाठी काउंटरसिंक करून शंकूसारखा खोलगट भाग कोरतात. पातळ पत्र्यात तसे केल्यास भोकाची कड सुरीच्या धारेसारखी पातळ होते; म्हणून तेथे धातू न कोरता साच्याने दाबून खळगा पाडतात.

ही बारीकसारीक बाब किती महत्त्वाची, ते २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर दिसले. अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे सुमारे १८ फूट लांबीचे छप्पर उड्डाणात उखडले गेले आणि एका परिचारिकेचा मृत्यू झाला. पत्र्यांचा चिकटवलेला जोड सुटल्याने भार रिव्हेटांवर आला होता व काउंटरसिंक भोकांच्या धारदार कडांपासून धातुश्रमाच्या भेगा वाढल्या होत्या. देखभाल करणाऱ्यांच्या त्या लक्षात आल्या नव्हत्या.

बिघडलेला रिव्हेट काढणे हे बसवण्याहून अवघड असते. त्याच्या डोक्यात बरोबर मध्यावर ड्रिल करून डोके उडवावे लागते आणि उरलेला भाग अलगद बाहेर ढकलावा लागतो. ड्रिल थोडे सरकले तरी भोक मोठे वा लांबट होते व पुढच्या मापाचा रिव्हेट वापरण्याची वेळ येते. म्हणूनच थोड्याशा तिरक्या रिव्हेटला नवशिक्याने लगेच हात घालू नये, तो चालण्याजोगा आहे का हे अनुभवी व्यक्तीला आधी दाखवावे, असा प्रघात आहे.