गडी आपोआप डावीकडे!

व्हिडिओ गेमचा कंट्रोलर सतरंजीवर ठेवून तुम्ही पाणी प्यायला गेलात. परत येऊन बघता तर काय, पडद्यावरचा गडी भिंतीला तोंड लावून चाललाय डावीकडे! दादा म्हणतो, "मी हातसुद्धा लावला नाही." आज त्याचं खरं माना.

या दुखण्याचं नाव ड्रिफ्ट, म्हणजे वाहवत जाणं. मुळात अंगठ्याने हलवायचा दांडा कुठे झुकलाय हे कंट्रोलरला कळतं कसं? दांड्याच्या बुडाशी दोन चिमुकल्या डब्या असतात. एक डावं-उजवं सांगते, दुसरी वर-खाली. प्रत्येकीत काळ्या कार्बनचा कमानदार पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची इवलीशी जीभ. कार्बनमधून जाताना विजेची दमछाक होते. पट्टा जितका लांब, तितकी जास्त. म्हणून जीभ कुठे टेकलीय त्यावर व्होल्टेज ठरतं आणि चिप त्याचा आकडा करते. आकडे 0 ते 255 असतील, तर मधोमध म्हणजे 128च्या आसपास. घासून घासून पट्टा झिजला किंवा त्यावर धूळ बसली, की मधोमध उभा दांडाही 110 सांगतो. चिप बिचारी भोळी. तिला वाटतं, तुम्हीच दांडा ढकललात!

आजोबांच्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना खरखर होते ना? तिथेही असाच पट्टा आणि अशीच जीभ.

हे घरी बघायचंय? कागदावर 6बी पेन्सिलने बोटभर लांब, जाड, काळीकुट्ट रेघ गिरवा. 9 व्होल्टची बॅटरी आणि एक एलईडी वायरने जोडा, पण मध्ये ही रेघ येऊ द्या. (वायरची टोकं एकमेकांना थेट टेकवू नका, एलईडी जळेल.) खोलीत अंधार करा. टोकं रेघेवर जवळ आणली की उजेड वाढतो, लांब नेली की मंदावतो. आता रेघेवरून खोडरबर हलकेच फिरवा. उजेडाची तारांबळ उडाली? तीच झीज!

दुरुस्तीला बसण्याआधी गेमच्या सेटिंगमध्ये 'डेड झोन' वाढवून बघा. मग मधल्या बारीकसारीक थरथरीकडे गेम काणाडोळा करतो. तेवढ्याने भागलं नाही, तर मोठ्यांना सोबत घ्या, कंट्रोलर बंद करा आणि बॅटरी काढा. दांड्याच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडून दांडा गोल गोल फिरवा. पूर्ण वाळल्याशिवाय चालू करायचं नाही. धूळ असेल तर गडी थांबेल. पट्टाच झिजला असेल, तर अख्खी जॉयस्टिक, म्हणजे दांडा आणि डब्या एकत्रच, बदलावी लागते. नेहमीच्या जॉयस्टिकला 14 पाय असतात, आणि प्रत्येकाचा डाग वितळवून ती सोडवायची. हे काम मोठ्यांचं. तुम्ही स्क्रू वाटीत सांभाळा; एक तरी हरवतोच.

काही कंट्रोलरमध्ये मात्र घासणारं काहीच नसतं. दांड्याला चुंबक असतो आणि तो किती सरकला हे सेन्सर लांबूनच ओळखतो. ही करामत एडविन हॉल नावाच्या विद्यार्थ्याने 1879मध्ये अमेरिकेत शोधली: वीज वाहणाऱ्या पत्र्याजवळ चुंबक आणला, की पत्र्याच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज उमटतं. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेमयंत्राचा कंट्रोलर 1998मध्ये याच तत्त्वावर चालत होता.

अशा कंट्रोलरजवळ दमदार लोहचुंबक नेला, तर गडी पुन्हा आपोआप चालू लागू शकतो. तेव्हा मात्र दादाचे खिसे तपासा.