गरीचे शिसे: लेप टिकाऊ हवा, तशी काळजीही

पावसाळा सरला, पाणी निवळले की खाड्यांच्या धक्क्यांवर गरवणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. दोरी तळाला नेणारी शिशाची वजने आणि माशाला भुलवणारे लाकडी आमिष, म्हणजे ‘ल्युअर’, अनेक हौशी मंडळी घरीच बनवतात. शिसे 327 अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे साधी शेगडीही पुरते. मग प्रश्न येतो रंगाचा. दोनदा खडकावर आपटले की टवका उडतो. टिकेल असा लेप कोणता?

उत्तर देण्याआधी शिशाविषयी थोडे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत साठवते. तिथे ते अनेक वर्षे राहते. पोटदुखी, बद्धकोष्ठता, थकवा, चिडचिड, पंडुरोग ही मोठ्यांमधली लक्षणे. पण ती इतर आजारांतही दिसतात, म्हणून शिशाचा संशय सहसा येत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाच्या मानाने मुलांचे शरीर चार ते पाच पट शिसे शोषून घेते. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. म्हणून वजनावरचा लेप नुसता शोभेचा नाही. हाताला आणि पिशवीला लागणारे शिसे तो कमी करतो.

आता लेपांकडे वळू. नेलपॉलिश स्वस्त आणि झटपट, पण पातळ. लवकर टवके उडतात. साधा ऑइलपेंट त्याहून बरा, तरी आपटण्यापुढे टिकत नाही. लोखंडी कपाटांना करतात ते पावडर कोटिंग शिशासाठी सर्वात चिवट. वजन गरम करून पावडरीत बुडवायचे आणि मग साधारण 180 ते 200 अंशांवर, पावडरीच्या डब्यावर लिहिलेला वेळ भाजायचे. भाजणे अर्धवट राहिले तर लेप ठिसूळ होतो. मात्र त्यासाठी स्वयंपाकाचा ओव्हन कधीही वापरू नका.

लाकडी आमिषाची गोष्ट वेगळी. तिथे शत्रू पाणी. गरी अडकवायच्या भोकातून पाणी शिरते, लाकूड फुगते आणि वरचा रंग आतून फुटतो. म्हणून आधी भोकांसह सगळे लाकूड सीलरने बंद करावे, मग रंग आणि शेवटी दोन भागांच्या इपॉक्सीचा थर. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण अंदाजाने घेतले तर लेप चिकटच राहतो. दमट हवेतही त्यावर चिकट, पांढुरका थर येऊ शकतो, म्हणून हे काम कोरड्या दिवशी करावे. हार्डनरने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा हातमोजे हवेत. आणि माळ्यावरचा जुना रंग वापरू नका. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यात काय असेल सांगता येत नाही.

लेप कोणताही असो, खाली मेण, तेल किंवा काजळी असेल तर तो धरत नाही. शिशाला कोरडा पॉलिशपेपर मात्र मारू नये. उडणारी धूळच घातक. साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे, मग थिनरच्या फडक्याने पुसावे.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. लेप तयार वजनाला झाकतो. वितळवताना निर्माण होणारी धूळ आणि वाफ तो झाकत नाही. खरा धोका शेगडीपाशी आहे. वितळवणे घराबाहेर, मोकळ्या हवेत, मुले आणि गरोदर स्त्रियांपासून दूर करावे. भांडे पुन्हा स्वयंपाकात नको. वर तरंगणारी राखाडी मळी झाडून उडवू नये. ओला तुकडा तापल्या रसात पडला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन रस अंगावर उडतो. जुन्या बॅटरीतले शिसे तर घेऊच नये. त्यात आम्ल आणि इतर विषारी धातू असतात. हात धुतल्याशिवाय विडी, तंबाखू, चहा काही नाही. आणि बारीक शिसे दाताने दाबून दोरीला बसवायची सवय आजच सोडावी.

याहून चांगला मार्ग म्हणजे शिसेच टाळणे. शिशाचे तुकडे गिळून हंस मरतात हे दिसल्यावर ब्रिटनमध्ये 1987 साली लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. कल्हईचे शुद्ध कथील 232 अंशाला वितळते, म्हणजे घरी ओतणे सोपे. त्याच वजनासाठी आकार मात्र दीडपट होतो आणि खर्चही वाढतो. लोखंडी नट किंवा छिद्र असलेला दगडही अनेक ठिकाणी काम भागवतो.

नियमित शिसे ओतत असाल किंवा घरात लहान मूल असेल, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगा. रक्तातील शिशाची तपासणी करता येते, पण कामाची माहिती दिल्याशिवाय ती सहसा कोणी सुचवत नाही.