जिम प्रशिक्षकाची पाठदुखी

जिममधला प्रशिक्षक म्हणजे ठणठणीत माणूस, असा आपला समज असतो. मध्यंतरी असाच एक तरुण पाठदुखीसाठी दवाखान्यात आला. पहाटे पाचला जिम उघडायची, दुपारी घरी, पुन्हा संध्याकाळी पाच ते रात्री दहा. झोप जेमतेम पाच तास. प्रौढ माणसाला किमान सात तास हवी. अंग गरम न करताच प्रत्येकाला व्यायाम करून दाखवायचा, लोकांनी टाकलेल्या प्लेटा वाकून उचलायच्या. पाठ दुखणारच!

"डॉक्टरसाहेब, दुखतंय म्हटलं तर पोरं दुसऱ्या जिमला जातील," हे त्याचे खरे दुखणे. शरीर हीच त्याची जाहिरात. याच भीतीपोटी काही जण स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. त्याने स्नायू फुगतात, पण रक्तदाब वाढतो, हृदय व यकृताला इजा पोहोचते, शुक्रजंतू घटतात.

प्रशिक्षकांनी दाखवताना हलके वजन घ्यावे, गुडघे वाकवून उचलावे, अपुरी झोप दुपारी भरून काढावी. पाठदुखीबरोबर पायातले बळ कमी झाल्यास किंवा लघवीवरचा ताबा गेल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आणि वाचकहो, आपण वापरलेले वजन आपणच जागेवर ठेवावे. तेवढीच त्याच्या पाठीला विश्रांती.