जगाची सरासरी करडी मानणारे यंत्र

रंगीत निगेटिव्हच्या एकाच चौकटीतून अनेक वेगवेगळे प्रिंट निघू शकतात. त्यांतला एखादा फिका असेल, एखादा काळवंडलेला, एखाद्यात चेहरे पिवळट तर एखाद्यात हिरवट दिसतील, आणि निगेटिव्ह मात्र सर्वांचे तेच असेल. फिल्मचा रोल धुवायला टाकून दोन दिवसांनी प्रिंटांचे पाकीट आणणाऱ्या ग्राहकाला आपल्या छायाचित्राचा रंग कॅमेऱ्यात ठरला असे वाटत असे; वस्तुतः त्याचा मोठा भाग कलर लॅबमधल्या प्रिंटर यंत्रात, चौकटीगणिक सेकंदाच्या लहानशा अंशात ठरत होता. हा निर्णय यंत्र कशाच्या आधारे घेते, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकातील एका धाडसी गृहीतकात आहे, आणि त्या यंत्राचे यश व त्याच्या ठरावीक चुका ही दोन्ही त्या गृहीतकाचीच अपत्ये आहेत.

रंगीत छपाईच्या कागदावर प्रकाशसंवेदी द्रव्याचे तीन थर असतात. लाल प्रकाश पडलेल्या थरात धुलाईनंतर सायन, म्हणजे निळसर हिरवा रंग तयार होतो, हिरव्या प्रकाशाच्या थरात मॅजेंटा, म्हणजे आपल्याकडे राणी म्हणतात तसा रंग, आणि निळ्या प्रकाशाच्या थरात पिवळा. निगेटिव्हमधून कागदावर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती पोहोचतो यावर प्रिंटचा गडदपणा आणि रंगांचा तोल ठरतो. कागदाला मिळणाऱ्या प्रकाशाच्या या मात्रेला एक्स्पोजर म्हणतात. कृष्णधवल छपाईत ही मात्रा एकच असल्यामुळे अनुभवी माणूस निगेटिव्ह उजेडात धरून तिचा अंदाज बांधू शकत असे. रंगीत छपाईत मात्र तीन मात्रा एकाच वेळी जुळवाव्या लागतात, आणि रंग सुधारण्यासाठी निगेटिव्हमध्ये मुद्दाम राखलेल्या नारिंगी आवरणामुळे डोळ्याला त्यातून मूळ रंग वाचताही येत नाहीत. म्हणून मोजमापावाचून गत्यंतर नव्हते. हे मोजमाप घनतेच्या भाषेत होते: निगेटिव्हचा एखादा भाग पडलेल्या प्रकाशापैकी निम्मा पलीकडे जाऊ देत असेल तर त्याची घनता 0.30, दशांश जाऊ देत असेल तर 1, आणि शतांश जाऊ देत असेल तर 2 मानली जाते.

ईस्टमन कोडॅक कंपनीने 1942 मध्ये कोडाकलर ही हौशी छायाचित्रकारांसाठीची निगेटिव्ह फिल्म बाजारात आणली, तेव्हा तिचे प्रिंट कंपनी स्वतःच काढून देत असे. देशभरातून आलेल्या रोलांमधील प्रत्येक चौकटीसाठी तीन-तीन मात्रा हाताने ठरवणे व्यापारी प्रमाणावर अशक्य होते. रॉचेस्टर येथे कोडॅकच्या रंगनियंत्रण विभागाचे प्रमुख असलेल्या राल्फ इव्हान्स यांनी यावर जो मार्ग सुचवला, त्याच्या पेटंटचा अर्ज 1946 चा आणि मंजुरी 1951 ची आहे. त्यांचे म्हणणे असे की, सर्वसामान्य दृश्यातील सगळे रंग एकत्र मिसळले तर त्यांची सरासरी जवळपास करडी येते. तेव्हा प्रत्येक निगेटिव्हमधून येणारा एकूण लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मोजावा, आणि संपूर्ण प्रिंटची सरासरी करडी येईल अशा बेताने तिन्ही मात्रा ठरवाव्यात. निगेटिव्हवर माणूस आहे, मंदिर आहे की म्हैस आहे हे यंत्राला कळण्याची गरजच या युक्तीने काढून टाकली, आणि अज्ञानाचा इतका चतुर उपयोग तंत्रज्ञानाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल.

प्रत्यक्ष यंत्रात हे सोप्या रीतीने साधले जाई. निगेटिव्हमधून येणारा प्रकाश तीन प्रकाशविद्युत घटांवर पडे, आणि प्रत्येक घटासमोर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाचा फिल्टर असे. एका प्रचलित पद्धतीत छपाईची सुरुवात पांढऱ्या प्रकाशाने होई. लाल प्रकाशाची ठरलेली मात्रा पुरी झाली की लाल अडवणारा सायन फिल्टर प्रकाशमार्गात येई, हिरव्याची पुरी झाली की मॅजेंटा फिल्टर आणि निळ्याची पुरी झाली की पिवळा, आणि तिन्ही रंग अडले की ती चौकट संपून पुढची सरके. निगेटिव्ह पातळ असेल तर हे काम चटकन उरके, दाट असेल तर रेंगाळे. कमी-जास्त प्रकाशात काढलेली छायाचित्रे अशा रीतीने आपोआप सारखी होत.

येथे कागदाचा एक स्वभाव आडवा येतो. मंद प्रकाश दीर्घ काळ आणि तीव्र प्रकाश अल्प काळ यांचा परिणाम सारखा व्हावा ही अपेक्षा प्रकाशसंवेदी द्रव्ये पूर्णपणे पाळत नाहीत. दाट निगेटिव्हसाठी वेळ लांबला की कागद अपेक्षेपेक्षा कमी काळा होतो, आणि तीन थर सारख्याच प्रमाणात मागे पडत नसल्याने रंगही ढळतो. त्यामुळे घनता वाढेल तशी किती जादा मात्रा द्यायची याची वेगळी जुळणी प्रत्येक यंत्रात करावी लागे. एकाच विषयाची तीन निगेटिव्ह, एक कमी प्रकाश मिळालेले, एक योग्य आणि एक जास्त मिळालेले, छापून तिन्ही प्रिंट एकसारखे येईपर्यंत ही जुळणी चाले, आणि कागदाचा नवा गठ्ठा उघडला की तीच तपासणी पुन्हा करावी लागे. लॅबचा दर्जा ग्राहकाला न दिसणाऱ्या या कामावरच मुख्यतः ठरत असे.

मूळ गृहीतक जेथे मोडते तेथे यंत्राची चूक अगदी नियमाने होते. रात्री फ्लॅश लावून काढलेल्या छायाचित्रात चेहरा उजळ आणि मागे काळोख असतो. काळोखाचा भाग निगेटिव्हवर जवळजवळ पारदर्शक राहतो, सरासरी प्रकाश भरपूर येतो, यंत्र मात्रा आखडती घेते, आणि काळोख धुरकट करडा होऊन चेहरा पिठासारखा पांढरा पडतो. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे उलट होते, कारण तेथे निगेटिव्ह दाट असल्याने यंत्र जास्त मात्रा देते आणि चेहरा काळवंडतो. रंगाच्या बाबतीत हिरवळीवर बसलेल्या मुलांचे चेहरे गुलाबी होतात, तर लाल गालिच्यावरील बाळाच्या अंगावर हिरवट-निळी झाक येते. महाराष्ट्रातील लग्नघरांच्या अल्बममध्ये याचे हमखास सापडणारे उदाहरण हळदीच्या समारंभाचे आहे: पिवळी साडी, पिवळे अंग आणि झेंडूची तोरणे यांनी भरलेल्या चौकटीत निळा प्रकाश मुळात थोडा असतो, त्यामुळे निगेटिव्हमध्ये त्याला अडवणारा पिवळा रंगही थोडाच उमटतो, छपाईच्या वेळी निळ्याची मात्रा लवकर पुरी होते, आणि कागदावर पिवळा कमी पडून हळद फिकट व पांढरी वस्त्रे निळसर दिसू लागतात.

ही चूक टाळण्यासाठी यंत्राची भरपाई सरळ कमी करावी असे वाटेल, परंतु खरी अडचण अशी की हळदीचा पिवळेपणा आणि बल्बच्या उजेडाचा पिवळेपणा सरासरीत एकसारखेच दिसतात. घरातील साध्या बल्बखाली काढलेल्या छायाचित्रात करड्याकडे ओढून नेणारी भरपाई अगदी योग्य ठरते, कारण तेथे पिवळेपणा प्रकाशाचा आहे आणि तो जायला हवा. हळदीत पिवळेपणा वस्तूचा आहे आणि तो राहायला हवा. तीन आकड्यांवरून या दोहोंतील भेद ओळखणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. बार्टलसन आणि हुबॉय यांनी 1956 मध्ये मांडलेली इष्टतम भरपाईची कल्पना या पेचातून निघालेली तडजोड आहे: निगेटिव्हची सरासरी करड्यापासून जितकी ढळलेली असेल तितकी पूर्ण भरपाई न करता तिचा काही भागच करावा, म्हणजे बल्बचा पिवळेपणा थोडा उरेल आणि हळद थोडी फिकी पडेल, पण दोन्हींपैकी कोणतेही छायाचित्र पुरते बिघडणार नाही. एकेका चित्राला न्याय देण्याऐवजी एकूण ढिगातील टाकाऊ प्रिंट कमी करणे हे तिचे उद्दिष्ट होते, आणि कारखान्याच्या दृष्टीने ते रास्तच म्हटले पाहिजे.

उरलेले काम माणसाकडे होते. प्रिंटरवर बसणारा ऑपरेटर प्रत्येक चौकटीकडे क्षणभर पाहून मागे काळोख आहे, भिंत पांढरी आहे, हिरवळ जास्त आहे असे ओळखी आणि घनतेचे किंवा रंगाचे बटण एक-दोन पायऱ्या वर-खाली करी. तासाला हजारो प्रिंट काढणाऱ्या मोठ्या लॅबमध्ये या एका नजरेला फार किंमत होती, आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या मिनीलॅब यंत्रांनी धुलाई व छपाई कोपऱ्यावरच्या दुकानात आणली, तेव्हा तीच नजर आपल्याकडील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत घडू लागली.

पुढच्या यंत्रांनी या नजरेचे काही काम उचलले. संपूर्ण चौकटीची एकच सरासरी घेण्याऐवजी ती अनेक ठिपक्यांत विभागून मोजली जाऊ लागली, त्यामुळे मध्यभागी उजळ आणि कडेला काळोख अशी मांडणी फ्लॅशची असावी हे गणिताने ओळखता आले आणि अतिगडद रंगाचे ठिपके सरासरीतून वगळता आले. याहून मार्मिक युक्ती संपूर्ण रोल आधी वाचून घेण्याची होती: छत्तीस चौकटींपैकी दोन-तीनच पिवळ्या असतील तर पिवळेपणा विषयाचा असण्याची शक्यता मोठी, आणि साराच रोल एका रंगाकडे झुकलेला असेल तर दोष फिल्मचा, साठवणुकीचा किंवा प्रकाशाचा असणार. कोडॅकने 1983 मध्ये सुरू केलेल्या डीएक्स संकेतामुळे फिल्मच्या कडेवरील पट्ट्या वाचून तिचा प्रकारही यंत्राला आधीच कळू लागला.

यंत्राची आधाररेषा कोणी आखली, हा प्रश्न मात्र तांत्रिक सुधारणांनी सुटत नाही. यंत्र जुळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नमुना छायाचित्रांत दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे; कोडॅकच्या कर्मचारी शर्ली पेज यांच्या नावावरून त्यांना शर्ली कार्ड म्हणत, आणि गोरी त्वचाच प्रमाण मानल्यामुळे सावळ्या व काळ्या त्वचेचे तपशील कसे मागे पडले याची मांडणी कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी 2009 मध्ये केली आहे. सरासरी ही निसर्गाने दिलेली वस्तू नसते. कोणाची छायाचित्रे मोजली यावर ती अवलंबून असते.

चित्रपटांच्या छपाईने मात्र सरासरीवर हवाला ठेवला नाही. बेल अँड हॉवेलच्या मॉडेल सी या प्रिंटरमध्ये दिव्याचा प्रकाश लाल, हिरव्या आणि निळ्या झोतांत विभागला जाई आणि प्रत्येक झोत 1 ते 50 अशा पायऱ्यांवर नियंत्रित होई. एक पायरी घनतेच्या भाषेत 0.025 इतकी, म्हणजे बारा पायऱ्यांनी प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. प्रत्येक शॉटसाठी हे तीन आकडे ग्रेडर ठरवी, कारण नायक भिंतीपुढून हिरवळीवर गेला म्हणून त्याच्या चेहऱ्याचा रंग बदलणे पडद्यावर खपणारे नव्हते.

करड्या सरासरीचे गृहीतक संगणकशास्त्रात बुक्सबॉम यांच्या 1980 च्या लेखापासून नव्या रूपात रूढ झाले, आणि डिजिटल कॅमेऱ्यांतील स्वयंचलित रंगतोलाच्या अनेक पद्धतींचा पाया आजही तेच आहे. जुन्या अल्बममधील निळसर हळदीकडे किंवा पिठूळ चेहऱ्यांकडे पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की असा दोष बहुधा प्रिंटचा असतो, निगेटिव्हचा नव्हे. पाकिटात उरलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या टाकून देऊ नयेत. त्यांतील रंगही काळाने उडत असल्यामुळे त्या कोरड्या, थंड जागी ठेवाव्यात आणि शक्य तितक्या लवकर स्कॅन करून घ्याव्यात.