पावसाळी रात्री रेडिओवर कोण असावे?

वरंधच्या डोंगरात मोठ्या पावसात आधी वीज जाते, मग मोबाईलची रेंज. सेलवरचा रेडिओ तेवढा बोलत राहतो. म्हणून इकडे सामुदायिक रेडिओ हवा, असे आम्हांला वाटते. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून आहे. अशा छोट्या केंद्रांना चोवीस तास माणसे परवडत नाहीत. गाणी, मुलाखती, शेतीसल्ला संगणकात वेळ घालून लावून ठेवायचे, मग तो आपोआप वाजवतो. शाळेचे वेळापत्रक करणाऱ्या आम्हा शिक्षकांना तर ही सोय फारच भावते!

पण २२ जुलै २०२१ ला जवळच्याच तळीयेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा वेळी लावलेले गाणे संपेपर्यंत थांबायचे? २००२ मध्ये अमेरिकेतील मायनॉट गावात रात्री अमोनिया पसरला, तेव्हा पोलिसांना रेडिओ केंद्रावर वेळेत कुणी सापडले नाही.

सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नसल्या, तरी प्रशासनाने दिलेली हवामानाची, आपत्तीची माहिती सांगायला नियमात मुभा आहे. तेव्हा जून ते सप्टेंबर केंद्रावर रात्रीची पाळी हवी, इन्व्हर्टर हवा. पाळीवरच्या मुलामुलींना चालू कार्यक्रम मध्येच कसा तोडायचा, हे मे महिन्यातच दोन-चारदा करून घ्यावे. तहसीलचा फोन आला की कुणाची परवानगी विचारत बसायला नको.