हेडर बसवू की नोझल बघू? जुन्या पिकअपवर पैसे घालण्याआधी हे वाचा



धंद्यासाठी जुनी पिकअप घेतली की दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न हमखास येतो. "सर, गाडी ओढत नाही. इंजिनात काहीतरी मोठं करून घेऊ का?" आज याच प्रश्नाचं उत्तर नीट शोधू. कारण इथे चुकलात तर पैसे गाडीचे जात नाहीत, भांडवलाचे जातात.

आपल्या एका बॅचमधल्या मुलाचंच उदाहरण घ्या. तो रत्नागिरीचा. दहा वर्षं जुनी डिझेल पिकअप कर्जावर घेतली. काम काय, तर आंब्याच्या पेट्या भरायच्या आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला पोचवायच्या. घाटात गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना, मागे काळा धूर. एका गॅरेजवाल्याने त्याला पॅकेज सांगितलं : हेडर, मोकळा सायलेन्सर आणि पंपाची सेटिंग वाढवून ४० हजार. "गाडी पळेल बघ!"

आता गंमत अशी की त्याच्याकडे ४० हजारच होते, आणि ते बागायतदारांना आगाऊ द्यायला ठेवलेले. आगाऊ दिली नाही तर माल दुसऱ्याकडे जातो. म्हणजे हेडर बसवला तर गाडी तयार, पण भरायला माल नाही! त्याने मला फोन केला. मी म्हटलं, थांब. आधी हेडर म्हणजे काय ते समजून घेऊ.

हेडर नेमकं करतो काय?

इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळलेला वायू बाहेर पडतो. कंपनीने दिलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये तो लगेच एकत्र येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळा, शक्यतो सारख्या लांबीचा पाइप असतो आणि ते पुढे जाऊन एका ठिकाणी मिळतात. एका सिलिंडरचा झोत पुढे जाताना मागच्याला ओढून घेतो, त्यामुळे इंजिन मोकळा श्वास घेतं.

हे खोटं नाही. पण हे ज्ञान आपल्याकडे आलं अमेरिकेतल्या व्हिडिओंमधून. तिथल्या जुन्या पिकअपमध्ये पेट्रोलवर चालणारी, टर्बो नसलेली मोठी व्ही-८ इंजिनं असतात. शेव्हरोलेचं प्रसिद्ध ३५० घन इंचांचं इंजिन म्हणजे तब्बल ५.७ लिटर! अशा इंजिनला हेडरचा फायदा दिसतो, तोही जास्त करून वरच्या आरपीएमला. आणि तिथेसुद्धा जाणकार माणूस ओझं वाहणाऱ्या गाडीला फार रुंद पाइप लावत नाही. कारण पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमची ओढ कमी होते.

आता आपली गाडी बघा. बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं डिझेल इंजिन घ्या. चार सिलिंडर, त्यावर टर्बो. मॅनिफोल्डमधून निघालेला वायू आधी टर्बोचा पंखा फिरवतो, मग पुढे जातो. म्हणजे हेडरची ओढून घेण्याची करामत टर्बोपाशीच बरीचशी संपते. शिवाय भरलेली पिकअप काम करते साधारण दीड ते अडीच हजार आरपीएममध्ये. जिथे हेडर कमाल दाखवतो तिथे आपण जातच नाही. वर पातळ पत्र्याचा हेडर खडखडाट आणि उष्णता सोसत नाही, जोडाला चीर पडते. बिडाचा जुना मॅनिफोल्ड जड असतो, पण टिकतो.

पंपाची सेटिंग वाढवणं तर त्याहून धोक्याचं. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर आणि तापलेलं इंजिन. पिस्टन, हेड आणि टर्बो, तिघांचं आयुष्य कमी. चार दिवस गाडी पळते आणि पाचव्या दिवशी मोठं बिल येतं.

मग तपासायचं काय? स्वस्तापासून सुरुवात करा

१. एअर फिल्टर. मातीच्या रस्त्यावरची गाडी असेल तर तो लवकर चोंदतो. हवाच नाही तर ताकद कुठून येणार?

२. टर्बोपासून इंजिनकडे जाणारा रबरी होज. खालच्या बाजूला चीर पडली की वरून दिसत नाही. हात फिरवून बघा, तेलकट ओल लागली की संशय घ्या.

३. डिझेल फिल्टर आणि नोझल. नोझल नीट फवारत नसेल, नुसतं ठिबकत असेल, तर डिझेल अर्धवट जळतं. नोझल काढून टेस्टिंगला द्या.

४. सायलेन्सर. आतून काजळीने चोंदला किंवा पत्रा आत दबला, तर इंजिन गुदमरतं. कंपनीच्या मापाचा नवा लावा.

५. क्लच प्लेट आणि ब्रेक. इंजिन ओरडतं आणि गाडी सरकत नाही, तर दोष क्लचचा असू शकतो. चाक जाम राहत असेल तरीही गाडी ओढत नाही.

६. मॅनिफोल्ड. थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज येतो आणि जोडाशी काळी काजळी दिसते? मग तिथून वायू गळतोय, टर्बोला पूर्ण जोर मिळत नाही. इथे मात्र खर्च कराच. कंपनीच्या मापाचा बिडाचा मॅनिफोल्ड, नवं गॅस्केट, गरज असेल तर नवे स्टड.

इंजिन उघडायचं कधी?

धुराचा रंग ओळखायला शिका. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी वारंवार कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडे बघा.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सावकाश उघडा. आतून धुराचे जोरात फुंकर येत असतील तर रिंगा-बोअर झिजलेत असं समजा. खात्री करायला चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्या. एक जरी बाकीच्यांपेक्षा बराच कमी निघाला, तर इंजिनचं काम टाळू नका. आणि ते करायचं तर व्यवस्थित करा. नुसत्या रिंगा टाकून भागवलेलं काम वर्षभरात परत उघडावं लागतं, मजुरी दोनदा जाते.

कायद्याची बाजू

तुमची गाडी व्यवसायाची आहे, हे विसरू नका. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज-धुराचे नियम मोडले तर पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघात झाला तर विमा कंपनीही असा बदल पुढे करून दावा अडवू शकते. आणि हो, पूर्ण इंजिन बदललं तर नवा इंजिन नंबर आरसी बुकात चढवून घ्या.

आता हिशोब

समजा महिन्याला ३,००० किलोमीटर धावणं आहे आणि डिझेल ९० रुपये धरलं. ॲव्हरेज १० असेल तर ३०० लिटर, म्हणजे २७,००० रुपये. तो १२ वर आला तर २५० लिटर, म्हणजे २२,५००. महिन्याला ४,५०० वाचले.

आता कुठल्याही कामाचा खर्च या बचतीने भागा. जितके महिने येतील, तितक्या महिन्यांत पैसे परत. जो मिस्त्री सांगेल "गाडी पळेल", त्याला एवढंच विचारा, "ॲव्हरेज किती वाढेल आणि गाडी किती दिवस उभी राहील?" सीझनमध्ये उभी गाडी म्हणजे गेलेलं भाडं. तेही खर्चातच धरा.

आपल्या रत्नागिरीच्या मुलाने यादी घेऊन दुसऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. होज फाटलेला, फिल्टर चोंदलेला, दोन नोझल ठिबकत होते. चारही नोझल करून घेतले, टॅपेट सेटिंग केलं. बिल साडेचौदा हजार, गाडी दोन दिवस उभी. उरलेले साडेपंचवीस हजार बागायतदारांना गेले. ठरवलं होतं त्यापेक्षा कमी माल मिळाला, पण सीझन हातचा गेला नाही.

एक गोष्ट त्याने स्वतःहून कबूल केली. "सर, मी पेट्याही जास्तच भरत होतो." कागदावर जेवढं वजन लिहिलंय तेवढंच भरायला लागला, तशी गाडी घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढायला लागली. पळत नाही, पण रोज पोचते. धंद्याला तेच लागतं.

आजचा गृहपाठ : एक वही घ्या. पुढचे पंधरा दिवस रोज टाकी फुल्ल करून किलोमीटर आणि लिटर लिहा, भरलेलं वजन लिहा. पंधरा दिवसांनी ती वही घेऊनच मिस्त्रीकडे जा. मग बघा, तो तुमच्याशी बोलायची पद्धत कशी बदलते!

भेटू पुढच्या भागात. धंदा करा, हिशोबाने करा.