आठवा सर्व्हर

१ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्कचा शेअर बाजार सकाळी साडेनऊला उघडला आणि पुढच्या पाऊण तासात ‘नाइट कॅपिटल’ या दलाली कंपनीच्या यंत्रणेने १५४ शेअरमध्ये चाळीस लाखांहून अधिक व्यवहार करून टाकले. ग्राहकांच्या मूळ ऑर्डर होत्या २१२. कंपनीचं नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेलं. कुणी हॅकिंग केलं नव्हतं, यंत्रही बिघडलं नव्हतं. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातांवरच चढला होता.

अमेरिकेतली शेअर बाजारांची नियामक संस्था एसईसी हिच्या ऑक्टोबर २०१३च्या आदेशात हा सगळा घटनाक्रम आला आहे. २७ जुलैपासून कोड टप्प्याटप्प्याने चढवला जात होता. आठव्या सर्व्हरवर तो कॉपी करायचा राहिला. दुसऱ्या कुणी ते काम तपासून पाहिलं नाही आणि तसं तपासावं असा लेखी नियमही कंपनीत नव्हता. त्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३मध्येच वापरातून गेलेला कोड पडून होता. नव्या कोडने नेमका त्याचाच जुना फ्लॅग, म्हणजे काम चालू करणारी खूण, पुन्हा वापरला. सात सर्व्हरवर त्या फ्लॅगने नवं काम सुरू झालं, आठव्यावर पॉवर पेग. ऑर्डर पुरी झाली की थांबायचं, ही मोजणी करणारा भाग २००५मध्ये दुसरीकडे हलवलेला असल्यामुळे पॉवर पेग ऑर्डर सोडतच राहिला.

पुढे जे झालं ते अधिक बोलकं आहे. चूक नव्या कोडची असावी असं समजून कर्मचाऱ्यांनी तो सातही सर्व्हरवरून काढून टाकला. मग मागे उरलेल्या जुन्या कोडमुळे तिथेही पॉवर पेग सुरू झाला! कुठल्या सर्व्हरवर काय आहे, हे त्या घटकेला छातीठोकपणे सांगणारं कुणी नव्हतं.

कोड सर्व्हरवर चढवणाऱ्या, म्हणजे डिप्लॉयमेंटच्या, स्क्रिप्टमध्ये ‘काय करायचं’ यावर पुष्कळ डोकं खर्च होतं. ‘कुठे करायचं’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जेमिस बक यांच्या ‘कॅपिस्ट्रानो’ या डिप्लॉयमेंटच्या साधनाने त्याला सोपं उत्तर दिलं. प्रत्येक सर्व्हरला भूमिका द्यायची: हा वेब, हा ॲप, हा डेटाबेस. मग कामासमोर भूमिकेचं नाव लिहायचं. डेटाबेसच्या रचनेतला बदल, म्हणजे मायग्रेशन, एकदाच व्हायला हवं. दोन सर्व्हरनी एकाच वेळी तेच टेबल बदलायला घेतलं तर गोंधळ ठरलेला. म्हणून तिथे एका सर्व्हरवर ‘प्रायमरी’ अशी खूण करतात आणि मायग्रेशन फक्त त्याच्यावर चालतं.

२०१२मध्येच आलेल्या, याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘अ‍ॅन्सिबल’मध्ये सर्व्हरची यादी इन्व्हेंटरी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. ‘लिमिट’ने त्या यादीतले मोजकेच सर्व्हर निवडता येतात, ‘सिरियल’ने एका वेळी किती घ्यायचे ते ठरतं, ‘रन वन्स’ने काम एकदाच होतं. प्रत्यक्ष काही न करता, काम कुठे कुठे होणार एवढंच दाखवणारा ‘लिस्ट होस्ट्स’ हा पर्यायही आहे. काही सेकंदांचं काम. प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरना, हात लावण्याआधी ते करायलाच हवं.

पण साधन आलं म्हणून आठवा सर्व्हर सुटायचा थांबत नाही. एखाद्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर अ‍ॅन्सिबल त्याला बाजूला ठेवून बाकीच्यांवर काम पुढे नेतो. शेवटच्या गोषवाऱ्यात त्या सर्व्हरपुढे ‘अनरीचेबल’ एक असा आकडा दिसतो. वरच्या शंभर हिरव्या-पिवळ्या ओळींनंतर तो वाचायचं राहिलं, की सात नवे आणि एक जुना अशी अवस्था पुन्हा तयार! एक जरी अडला तरी सगळ्यांवरचं काम थांबवावं, अशी सोय ‘एनी एरर्स फेटल’ या नावाने आहे, पण ती स्वतःहून चालू करावी लागते.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. २८ फेब्रुवारी २०१७ला अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात काही थोडे सर्व्हर बाजूला काढायचे होते. कमांड ठरलेल्या पद्धतीचीच होती, पण तिला दिलेली एक माहिती चुकली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. एस-थ्रीवर उभ्या असलेल्या असंख्य वेबसाइट सुमारे चार तास अडखळत राहिल्या. त्यानंतर अ‍ॅमेझॉनने ते साधनच बदललं: आता सर्व्हर सावकाश निघतात, आणि सेवेला लागणाऱ्या किमान संख्येच्या खाली जाणारी कमांड ते साधन स्वीकारत नाही.